केबिन बोटीच्या गळक्या खिडक्या : चौथे सिलिकॉन नको, खिडकी उतरवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे बावीस फुटी, फायबरची जुनी केबिन बोट आपण वापरलेल्या स्थितीत विकत घेतली. हंगामात ती मालवणजवळच्या खाडीत असते आणि पावसाळ्यापूर्वी ट्रेलरवरून कोल्हापूरला आणून घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभी केली जाते. केबिनच्या दोन्ही बाजूंच्या लांबट खिडक्यांखाली गाद्या भिजतात. चौकटीभोवती बाहेरून तीन वेळा सिलिकॉन भरूनही पाणी थांबलेले नाही आणि चौथ्यांदा कोणते सिलिकॉन वापरावे, असे आपण विचारले आहे. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी, त्यांत काळपट अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, काचा आणि सांध्यांवर एकावर एक चढलेले सिलिकॉनचे तीन थर स्पष्ट दिसतात. माझे उत्तर असे आहे की चौथा थर कोणत्याही कंपनीचा देऊ नये. खिडकी पूर्ण उतरवून पुन्हा बसवल्याशिवाय ही गळती जाणार नाही, आणि बाहेरून दिलेला प्रत्येक थर ते काम अधिक अवघड करत जाईल.

मी कोल्हापुरात तीस वर्षे फायबरचे काम करतो. बसगाड्यांचे पुढचे भाग, टाक्या, तलावातल्या पायडल बोटी असे सगळे केले असून किनाऱ्यावरून दुरुस्तीसाठी येणाऱ्या केबिन बोटीही बऱ्याच हाताळल्या आहेत. अशा बोटींपैकी बहुतेकींच्या खिडक्यांवर आपल्यासारखेच थर असतात. बाहेरची रेघ अपयशी का ठरते, हे समजले की पुढचे सगळे काम आपोआप उलगडते. अशा खिडकीत सांधे दोन असतात, एक काच आणि चौकट यांच्यातला आणि दुसरा चौकट आणि केबिनची भिंत यांच्यातला. काचेभोवतीचे रबर वीस-पंचवीस वर्षांत आकसून कडक झाले की पाणी पहिल्या सांध्यातून चौकटीच्या पोकळीत उतरते. बनवणाऱ्याने ते बाहेर जावे म्हणून चौकटीच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रे ठेवलेली असतात, आणि आपण सिलिकॉनची रेघ ओढताना नेमकी तीच छिद्रे बुजवतो. बाहेरची वाट बंद झालेले पाणी मग स्क्रूच्या भोकांतून आत येते. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, अशातला हा प्रकार आहे. एका बोटीची सरकती खिडकी मी केवळ तारेचा तुकडा घेऊन दुरुस्त केली होती. तिच्या रुळातली निचऱ्याची छिद्रे वाळू आणि सिलिकॉनने भरली होती, ती मोकळी करताच गळती थांबली. म्हणून आपणही पहिल्याच दिवशी ही छिद्रे शोधावीत. नशीब असेल तर काम तिथेच संपेल, पण तीन थर पाहता मला तशी फारशी आशा वाटत नाही.

खिडकीला हात लावण्यापूर्वी पाणी खरोखर खिडकीतूनच येते का, याची खात्री करून घ्यावी. जुन्या कौलारू घरात जिथे ठिपकते त्याच्या बरोबर वरचे कौल फुटलेले असतेच असे नाही. पाणी वाशावरून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी पडते. बोटीतही केबिनच्या छतावरचे हातकठडे, दिव्याच्या खांबाचे बूड, जुन्या अँटेनाची विसरलेली भोके यांतून शिरलेले पाणी आतल्या अस्तरामागून वाहत येते आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात प्रकट होते. त्यासाठी खिडकीभोवतीचे अस्तर सोडवावे, आतला भाग पूर्ण कोरडा करावा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरावी. मग एकाने आत विजेरी घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाणी जोराच्या फवाऱ्याने न मारता नुसते वाहू द्यावे आणि सुरुवात सर्वांत खालून करावी. आधी खालचा सांधा दहा मिनिटे, मग बाजूचे, मग वरचा आणि शेवटी छत, या क्रमाने गेल्यास पहिला ओघळ कोणत्या टप्प्यावर आला ते नेमके कळते. घाई करून आधी वरून पाणी ओतले तर सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही. दुसरा उपाय हवेचा आहे. केबिनचे दार आणि झरोके चिकटपट्टीने बंद करून ब्लोअरने आत हलका दाब निर्माण करावा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवावे. पंक्चर शोधताना दिसतात तसे बुडबुडे गळतीच्या जागी दिसतात. हा प्रयोग माझ्या विशेष आवडीचा आहे, कारण त्यात बोट आतून भिजत नाही.

खिडकी उतरवताना सर्वांत जास्त वेळ स्क्रू खातात. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट यांच्यात विद्युत-रासायनिक क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते, आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूच्या आट्यांत घट्ट बसते. अशा स्क्रूवर ताकद लावली की त्याची खाच खराब होते. त्याऐवजी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी जाड सोल्डरिंग आयर्नचे टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटे धरून ते तापवावे, आणि मग हातोडीने ठोकून फिरणाऱ्या इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडवावा. तरीही न निघाल्यास डोके ड्रिलने उडवावे आणि उरलेला दांडा चौकट निघाल्यावर पकडीने काढावा. स्क्रू निघाले तरी चौकट सिलिकॉनवर चिकटून राहतेच; तिला पहारीने उचकटू नये, कारण अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एकदा वाकली की पुन्हा सपाट बसत नाही आणि जेलकोटचेही, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचेही, टवके निघतात. पातळ पात्याने किंवा दोन टोकांना लाकडाची मूठ बांधलेल्या गिटारच्या पोलादी तारेने सिलिकॉन कापत पुढे सरकावे. मागे प्लायवुडच्या पातळ पाचरी सारत जावे. एका खिडकीला अर्धा दिवस लागला तर तो वाया गेला असे समजू नये.

चौकट हातात आल्यावर भिंतीतल्या भोकाची कड नीट पाहावी, कारण माझ्या मते या सगळ्या कामाचा खरा गाभा तिथे आहे. त्या काळच्या अनेक बोटींत केबिनची भिंत म्हणजे बाहेर फायबरचा एक पापुद्रा, आत दुसरा, आणि मध्ये वजन न वाढवता जाडी देण्यासाठी प्लायवुड किंवा बाल्सा हे हलके लाकूड, असा प्रकार असतो. खिडकीसाठी भोक कापल्यावर ही लाकडी कड पुष्कळदा तशीच उघडी सोडलेली असते. पाणी वर्षानुवर्षे तिच्यात मुरते, लाकूड कुजून भिजलेल्या चहापावडरीसारखे होते आणि मग स्क्रू कितीही आवळला तरी मधला भाग नुसता दबत जातो, पकड येतच नाही. आपल्या तिन्ही थरांच्या अपयशामागे हेही कारण असण्याची दाट शक्यता आहे. भोकाभोवती पेचकसाच्या प्लास्टिकच्या मुठीने हलके ठोकत जावे. चांगल्या जागी आवाज टणक येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. बद्द आवाजाची हद्द पेन्सिलीने आखून ठेवावी.

कूज कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर काम घरच्या घरी होते. वाकवलेला खिळा किंवा जुना अ‍ॅलन पाना ड्रिलमध्ये धरून दोन पापुद्र्यांच्या मधले कुजके लाकूड निदान पंधरा-वीस मिलिमीटर खोल, किंवा कोरडे आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत, कोरून काढावे. मग ती खाच सुकू द्यावी, आणि इथे कोल्हापूरच्या हवेचा विचार करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे बोटीच्या भिंतीतले लाकूड वाळेल ही अपेक्षाच करू नये. फेब्रुवारी ते मे हा काळ या कामासाठी उत्तम, त्याखालोखाल ऑक्टोबर-नोव्हेंबर. लाकूड सुकल्यावर आधी पातळ इपॉक्सी (दोन द्रव कालवल्यावर टणक होणारी राळ) ब्रशने पाजावे. ते शोषले जाऊन चिकट असतानाच घट्ट केलेले इपॉक्सी प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून खाचेत दाबून भरावे. ते घट्ट करण्यासाठी सिलिकाची हलकी पूड आणि थोडे कापसाचे किंवा काचेचे बारीक तंतू मिसळावेत. गॅरेजमध्ये गाडीच्या पत्र्यासाठी वापरतात ती पॉलिएस्टर पुटी इथे वापरू नये. ती स्वस्त आणि लवकर वाळणारी असली तरी पाणी शोषते आणि जुन्या फायबरला व लाकडाला इपॉक्सीइतकी धरत नाही. उन्हाळ्यात काम करत असल्यास इपॉक्सी सकाळी लवकर आणि थोडे थोडे कालवावे, आणि कालवल्यावर खोल डब्यात न ठेवता पसरट ताटलीत ओतावे, नाही तर एप्रिलच्या दुपारी ते हातातच तापून धूर सोडू लागते. दमट हवेत वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट साय येते. पुढचा थर देण्यापूर्वी ती साध्या पाण्याने घासून धुवावी, कारण पॉलिश पेपरने ती निघत नाही, उलट पेपरात भरून बसते. स्क्रूची जुनी भोकेही अशीच मोठी करून इपॉक्सीने भरावीत आणि नव्याने पाडावीत, म्हणजे यापुढे एखाद्या स्क्रूतून पाणी शिरलेच तरी ते लाकडापर्यंत पोहोचणार नाही. बद्द आवाजाची हद्द मात्र वीतभर किंवा त्याहून जास्त पसरली असेल तर आतला पापुद्रा कापून नवे लाकूड बसवावे लागते, आणि ते काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

जुने सिलिकॉन काढणे कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. फायबरवर सिलिकॉनचा न दिसणारा तेलकट पापुद्रा उरला तरी त्यावर नंतर दुसरे काहीही धरत नाही, रंगसुद्धा नाही. आधी पात्याने खरवडावे, मग सिलिकॉन काढण्याचे द्रावण लावून प्रत्येक वेळी नव्या फडक्याने पुसावे आणि त्यानंतरच १२० नंबरचा पेपर मारावा. आधीच पेपर मारल्यास तो पापुद्रा सगळीकडे पसरतो. शेवटी त्या जागेवर थोडे पाणी शिंपडावे. ते सपाट पसरले तर जागा स्वच्छ आहे आणि अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन घरंगळले तर अजून काम बाकी आहे.

आता काचा. आपल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात, त्यामुळे त्या बदलाव्यात असेच मी सांगेन. अ‍ॅक्रिलिकच्या शीटमध्ये ओतून केलेली आणि दाबून काढलेली असे दोन प्रकार मिळतात. त्यांपैकी ओतून केलेलीच मागावी, कारण ती कापताना व भोके पाडताना कमी तडकते. पॉलिकार्बोनेट हे दुसरे प्लास्टिक आघात जास्त सोसते, मात्र त्यावर चटकन ओरखडे पडतात आणि संरक्षक लेप नसेल तर ते उन्हाने पिवळे होते. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच हवी असेल तर आकार आणि भोके कारखान्यात जाण्यापूर्वीच पक्की करावीत, कारण एकदा कडक झालेली काच कापताही येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. नवी शीट कापताना जुनी काच साचा म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण ती चौकटीत कशी बसत होती ते आधी पाहावे. अ‍ॅक्रिलिक उन्हात बरेच वाढते. नव्वद सेंटिमीटर लांबीची काच चाळीस अंशांच्या फरकाने साधारण अडीच मिलिमीटर वाढते, आणि भोवतालचे फायबर त्याच्या निम्म्याहूनही कमी. जानेवारीच्या पहाटेची थंड काच आणि मेमधल्या दुपारची काळपट, तापलेली काच यांत एवढा फरक सहज पडतो. म्हणून काच चौकटीत सगळ्या बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर मोकळी असावी, कोपरे गोलाकार असावेत, आणि काचेतूनच स्क्रू जाणार असतील तर त्यांची भोके स्क्रूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी ठेवून त्यांना सपाट बुडाच्या डोक्याचे स्क्रू आणि रबरी वॉशर वापरावेत. निमुळत्या डोक्याचा स्क्रू अ‍ॅक्रिलिकमध्ये पाचरीसारखा घुसतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथून तडा जातो.

अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट यांना थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेट्रोल कधीही लावू नये. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका बोटीच्या नव्या कोऱ्या काचांवरचे डाग थिनरच्या फडक्याने पुसले होते. संध्याकाळी त्या आरशासारख्या दिसत होत्या आणि दुसऱ्या दिवशी कडेने बारीक भेगांचे जाळे पसरले होते. त्या काचा मी पदरमोड करून बदलून दिल्या. साबणाचे पाणी आणि फार तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले फडके, एवढेच पुरते. शीटवरचा संरक्षक कागद शेवटपर्यंत तसाच ठेवावा, फक्त चौकटीत जाणाऱ्या कडेपुरता सोलावा.

काच आणि चौकट यांच्यातले रबर नवे, ईपीडीएम या कृत्रिम रबराचेच घ्यावे. जुन्या रबराचा वीतभर तुकडा नमुन्यादाखल सोबत न्यावा, कारण खाचेची मापे सांगून योग्य रबर मिळत नाही. बसगाड्यांच्या खिडक्यांना लागणाऱ्या रबरांत पुष्कळदा हुबेहूब जोड सापडते. रबर ताणून बसवू नये. ते नंतर आकसते आणि जोडावर फट पडते, म्हणून किंचित लांब कापून दाबत बसवावे. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीऐवजी दुहेरी खाचेच्या रबरानेच काच धरलेली असेल, तशा बोटीही येतात, तर आपल्याकडच्या बसबॉडीच्या कारागिराला बोलवावे. खाचेत दोरी घालून, साबणाचे पाणी लावून, आतून दोरी ओढत काच बसवण्याचे त्याचे कसब बोटीवर जसेच्या तसे चालते. त्या कामात ग्रीस किंवा तेल मात्र वापरू देऊ नये.

चौकट आणि भिंत यांच्यात काय भरावे, हा आपला मूळ प्रश्न होता. स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या चौकटीसाठी मी ब्युटाइल या मऊ, चिकट रबराची पट्टी वापरतो. ती कधीच वाळून कडक होत नाही, चौकटीच्या हालचालीसोबत ताणली जाते आणि दहा वर्षांनी खिडकी पुन्हा काढायची वेळ आली तर मुकाट्याने सुटते. बाजारात छताच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी पाठीची डांबरी पट्टी ही नव्हे. ती उन्हात पाघळून भिंतीवर काळे ओघळ सोडते. ओळखण्यासाठी चिमटीत धरून ताणून पाहावे. ब्युटाइलचा लांब दोरा निघतो आणि त्याला डांबराचा वास येत नाही. चौकटच नसलेली, थेट भिंतीवर चिकटवायची काच असेल तर ब्युटाइल पुरत नाही. तिथे इमारतींच्या काचेच्या दर्शनी भिंतींना वापरतात ते डाऊसिल ७९५ सारखे तटस्थ प्रकारचे, म्हणजे वाळताना आम्ल न सोडणारे, स्ट्रक्चरल सिलिकॉन चांगले काम देते, मात्र त्याचा थर निदान तीन मिलिमीटर जाड राहावा म्हणून मध्ये रबराचे ठोकळे ठेवावे लागतात. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारे, आंबूस वासाचे सिलिकॉन धातू खाते. फटी भरण्याचे पॉलिसल्फाइड अ‍ॅक्रिलिकला बाधते. आणि कायमचे चिकटणारे पॉलियुरेथेन इतके चिवट असते की पुढच्या वेळी खिडकीबरोबर जेलकोटही निघेल.

बसवण्याच्या दिवशी बोट ट्रेलरवर सर्व टेकूंवर सारखी बसली आहे ना, ते पाहावे. एका बाजूचा टेकू खचला असेल तर केबिन किंचित पिळलेली असते. त्या स्थितीत बसवलेली खिडकी बोट पाण्यात उतरताच पुन्हा ताणली जाते. भिंतीतल्या प्रत्येक भोकाच्या तोंडाला बाहेरून थोडी उतरती कड द्यावी, म्हणजे ब्युटाइल तिथे साठून स्क्रूभोवती कड्यासारखे बसते. पट्टी चौकटीच्या मागे सलग लावावी, तिचा जोड वरच्या बाजूला येऊ न देता खाली ठेवावा, आणि प्रत्येक स्क्रूला बोटभर ब्युटाइल गुंडाळावे. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. ३०४ चे स्वस्त पडतात, पण खाऱ्या हवेत त्यांच्यावर चहाच्या रंगाचे डाग येऊन खड्डे पडतात. आतून-बाहेरून एकमेकांत जाणारे नळीचे नट-बोल्ट जुन्या चौकटींना असतात आणि बाजारात ते मापात मिळत नाहीत. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातला लेथवाला नमुना पाहून ते करून देतो.

आवळताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने घ्यावेत, आणि स्क्रू न फिरवता आतला नट फिरवावा, म्हणजे स्क्रूभोवतीचे ब्युटाइल पिळवटत नाही. पहिल्या दिवशी चौकटीभोवती सगळीकडून सारखी बारीक वळी बाहेर येईल एवढेच आवळून थांबावे. ब्युटाइल संथपणे सरकते. उन्हाने भिंत तापल्यावर दुसऱ्या दिवशी पाव फेरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाव फेरा, असे करत वळी यायची थांबेपर्यंत न्यावे. एकाच बैठकीत पूर्ण आवळले तर भिंत आणि चौकट एकमेकांना टेकतात आणि मध्ये काहीच उरत नाही. बाहेर आलेली वळी प्लास्टिकच्या पट्टीने कापून काढावी, आणि खालच्या निचऱ्याची छिद्रे तारेने तपासून मगच नळीची तीच परीक्षा खालून वर पुन्हा करावी.

यंदाचा पाऊस तोंडावर असेल तर हे काम आत्ता सुरूच करू नये. बोटीवर ताडपत्री टाकावी, पण ती खिडक्यांना चिकटू न देता बांबूच्या मांडवावर ताणून दोन्ही टोके हवेसाठी उघडी ठेवावीत. गाद्या घरात न्याव्यात, अस्तर सोडवून भिंती उघड्या ठेवाव्यात आणि ऑक्टोबरमध्ये ठोकून पाहण्यापासून सुरुवात करावी. खिडक्या बसवल्यानंतर बोट गगनबावड्याच्या घाटातून मालवणला उतरवली की पाण्यात सोडण्यापूर्वी सगळे नट हाताने एकदा तपासावेत. घाटातल्या धक्क्यांनी त्यांतले एक-दोन सैल झालेले मला जवळजवळ प्रत्येक बोटीत सापडले आहेत.